परक्या रुळांवरील वाघीण

मालगाडी फाटकाशीं आली म्हणजे तिचे डबे मोजीत उभें राहण्याचा छंद लहान मुलांस असतो, आणि मोठ्यांसही तो पुरता सुटलेला नसतो. ज्या डब्यांना मराठी बोलींत वाघीण हें रुबाबदार नांव मिळालें, ते वस्तुतः रेल्वेच्या संसारांतील सर्वांत उपेक्षित प्राणी होत. एंजिनाचें कौतुक होतें, उतारूंच्या डब्यांतील सुखसोयींची चर्चा होते. वाघिणीची आठवण मात्र माल वेळेवर पोंचला नाहीं तरच व्हावयाची.

विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत कोणी असा फाटकाशीं उभा राहिला असता, तर त्याला मोजण्यापेक्षां पाहण्याचेंच काम अधिक पडलें असतें. एकाच गाडींत कोणता डबा ३४ फूट लांब, तर कोणता ४० फूट. एकाच्या भिंती गुळगुळीत फळ्यांच्या, तर दुसऱ्याच्या बरगड्या बाहेर आलेल्या. कोणाच्या पोटाखालीं लोखंडी सळया ताणलेल्या, तर कोणाचें सगळें अंगच पोलादी. प्रत्येकावर निराळ्या कंपनीचें नांव. त्या देशांत शेंकडों स्वतंत्र रेल्वे कंपन्या होत्या, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांच्या मालडब्यांची संख्या २० लाखांहून अधिक होती. इतक्या तऱ्हांचे हे डबे एका माळेंत ओवले जाऊन हजारों मैल कसे धांवत? कोणता फरक ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडला गेला, आणि कोणता फरक मिटवावाच लागला? या प्रश्नाचें उत्तर केवळ यंत्रशास्त्राचें नाहीं. त्यांत माणसांचीं बोटें, हात आणि प्राण गुंतलेले आहेत.

अमेरिकेंतील वाघीण ही घरीं राहणारी नव्हती. कान्सासमधील गहूं ज्या डब्यांत भरला जाई, तो डबा मालासह शिकागोस जाई आणि तेथून दुसऱ्या-तिसऱ्या कंपनीच्या रुळांवरून अटलांटिक किनाऱ्यावरील बंदर गांठी. प्रत्येक कंपनीच्या हद्दीवर माल उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावयाचा, तर वेळ जावयाचा, मजुरी पडावयाची आणि मालाची नासाडी व्हावयाची. १८८६ सालीं दक्षिणेकडील कंपन्यांनीं आपला ५ फूट रुंदीचा मार्ग बदलून उत्तरेकडील मापाशीं जुळता केला, तेव्हांपासून ही भटकंती जवळजवळ देशभर मोकळी झाली. डबा एकाचा, माल दुसऱ्याचा, रूळ तिसऱ्याचे आणि एंजिन चौथ्याचें, असाही प्रकार नित्याचा झाला.

अशा पाहुण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न त्याबरोबरच उभा राहिला. आरंभीं परक्या डब्याचें भाडें तो जितके मैल चालेल त्या मानानें आकारीत. त्यामुळें एखाद्या कंपनीनें दुसरीचा डबा आपल्या यार्डांत गोदामासारखा उभा करून ठेवला, तर तिला कांहींच द्यावें लागत नसे, आणि मूळ मालक मात्र डब्याच्या वाटेकडे डोळे लावून बसे. १९०२ सालीं ही रीत बदलून दररोज २० सेंट असें दिवसाचें भाडें ठरविण्यांत आलें. पाहुणा चालो वा बसो, त्याचें देणें चुकेना, तेव्हां त्याला परत पाठविण्याची यजमानास आपोआप घाई होऊं लागली.

दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. परक्या मुलुखांत डब्याचा आंस मोडला, तर त्या जागेच्या कारखान्यांत तसाच आंस सांपडला पाहिजे. हा व्यवहार सुरळीत व्हावा म्हणून डबे बांधणाऱ्या अधिकाऱ्यांनीं १८६७ सालीं मास्टर कार बिल्डर्स असोसिएशन ही संस्था स्थापिली. तिनें आंसाच्या टोंकांचीं, म्हणजे ज्यांवर डब्याचा भार पडतो त्या भागांचीं, मोजकीं मापें ठरविलीं. पावणेचार इंच जाड व ७ इंच लांब टोंकाचा आंस ४०,००० रत्तल मालाच्या डब्यास. सव्वाचार व ८ इंचांचा ६०,००० रत्तलांस. ५ व ९ इंचांचा ८०,००० रत्तलांस. आणि साडेपांच व १० इंचांचा १,००,००० रत्तलांस. वरचा डबा कसाही बांधा, पण आंस या मापांचा असावा, एवढाच तिचा आग्रह होता. मोडतोडीच्या खर्चाचेही नियम झाले. नेहमींच्या झिजेनें डबा बिघडला तर मालकानें भरावयाचें, गैरवागणुकीनें मोडला तर ज्याच्या हातीं मोडला त्यानें. हा भेद कागदावर जितका स्पष्ट दिसतो तितका यार्डांत दिसत नसे, आणि त्यावरून कंपन्यांत वाद झडत असत.

परंतु पैशाचे हे वाद ज्या ठिकाणीं प्राणांचे झाले, ती जागा म्हणजे दोन डब्यांमधील जोडणी. एकोणिसाव्या शतकांत बहुतेक मालडबे दुवा आणि खुंटी यांनीं जोडीत. प्रत्येक डब्याच्या टोंकास लोखंडी जबडा असे. दोन्ही जबड्यांत एक लांबट दुवा शिरवून वरून खुंटी टाकली कीं जोडणी झाली. पण हा दुवा शिरविण्यासाठीं माणसास दोन डब्यांच्या मध्यें उभें राहावें लागे. मागून डबा सरकत येई. त्यानें हातानें दुवा नेमका उचलून धरावयाचा, तो जबड्यांत शिरतांच हात काढून घ्यावयाचा आणि खुंटी सोडावयाची. निमिषाचा उशीर झाला कीं बोटें गेलीं. त्यांतच एका कंपनीचा जबडा उंच, दुसरीचा ठेंगणा. एकीचा दुवा सरळ, दुसरीचा वांकडा. दिवसा ओळखीच्या डब्यांशीं काम करणाऱ्यासही हें अवघड, मग रात्रीं, पावसांत, अनोळखी डब्यांमध्यें काय होत असेल तें सांगावयास नको. ज्या फरकाची किंमत कंपनीच्या चिटणिसास कधीं द्यावी लागली नाहीं, ती या माणसांनीं आपल्या हातांनीं दिली.

संयुक्त संस्थानांच्या आंतरराज्य व्यापार आयोगानें ३० जून १८८९ रोजीं संपलेल्या वर्षाचे जे आंकडे प्रसिद्ध केले, त्यांवरून त्या एका वर्षांत १,९७२ रेल्वे नोकर मृत्युमुखीं पडले व २०,०२८ जखमी झाले असें दिसून आलें. यांपैकीं केवळ डबे जोडतां-सोडतांना ३०० माणसें मेलीं आणि ६,७५७ जायबंदी झालीं.

उपाय नव्हता असें नाहीं. यादवी युद्धांत दक्षिणेच्या बाजूनें लढलेल्या ईलाय जॅनी या गृहस्थानें १८७३ सालीं एका नव्या जोडणीचें पेटंट घेतलें होतें. दोन हातांचीं बोटें वांकवून एकमेकांत अडकवावींत, तशी तिची रचना होती. डबे एकमेकांवर येऊन टेंकले कीं जोडणी आपोआप बंद होई, आणि ती सोडण्यासाठीं बाजूनें एक दांडा उचलला म्हणजे पुरे. माणसानें मध्यें जाण्याचें कारणच उरलें नाहीं. अडचण होती ती निराळीच. जोडण्यांचीं हजारों पेटंटें निघालीं होतीं, आणि एक कंपनी एक जोडणी, दुसरी कंपनी दुसरी जोडणी घेऊं लागली, तर दोहोंच्या सांध्यावर पुन्हां माणूस उभा करावाच लागणार होता. सुरक्षित साधनें दोन आणि त्यांचा मेळ नाहीं, तर तीं दोन्ही निरुपयोगी.

१८८७ सालीं मास्टर कार बिल्डर्स संस्थेनें यावर जो तोडगा काढला, तो मोठा मार्मिक होता. तिनें कोणा एका कारखान्याची जोडणी सर्वांवर लादली नाहीं. जॅनीच्या जोडणीचा पुढील वांकडा भाग, म्हणजे जेथें एक जोडणी दुसरीस भिडते ती रेषा, तेवढीच प्रमाण म्हणून ठरविली. त्या रेषेवरील पेटंटचा हक्क सोडून देण्यांत आला. त्या रेषेच्या मागें कुलूप कसें असावें, पोलाद कोणतें असावें, हें ज्याच्या त्याच्या बुद्धीवर सोडलें. जेथें दुसऱ्याशीं संबंध येतो तेथें एकरूपता, आणि जेथें येत नाहीं तेथें मोकळीक, हें सूत्र या एका वांकड्या रेषेंत सांठविलेलें आहे.

तरीही खर्चाच्या भीतीनें कंपन्या रेंगाळतच होत्या. आयोवा संस्थानांतील लोरेन्झो कॉफिन या शेतकऱ्यानें हा विषय मनावर घेतला. १८८३ सालीं तो त्या संस्थानाचा रेल्वे आयुक्त झाला, आणि भाषणें, पत्रें व खटपटी यांनीं त्यानें वर्षानुवर्षें अधिकाऱ्यांचा पिच्छा पुरविला. अखेर २ मार्च १८९३ रोजीं अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनीं रेल्वे सुरक्षा-साधनांच्या कायद्यावर सही केली. आपोआप जुळणारी जोडणी सक्तीची झाली आणि जोडणीची रुळांपासूनची उंचीही प्रमाणित झाली. ती साडेचौतीस इंचांपेक्षां अधिक नसावी व साडेएकतीस इंचांपेक्षां कमी नसावी, असें ठरलें. कंपन्यांना मुदतवाढ मिळत जाऊन १ ऑगस्ट १९०० पासून हा कायदा पूर्णपणें अंमलांत आला. हिंदुस्थानांतील मालगाड्यांत त्या काळीं, आणि पुढेंही पुष्कळ वर्षें, दोन बाजूंस दोन बफर व मध्यें हूक आणि सांखळी अशी इंग्रजी धर्तीची जोडणी होती. मध्यभागीं आपोआप अडकणारी जोडणी आपल्याकडील नव्या वाघिणींना लागली ती स्वातंत्र्योत्तर काळांत. हें ध्यानीं घेतलें म्हणजे अमेरिकेनें टाकलेल्या पावलाचें मोल अधिक चांगलें कळतें.

याच कायद्यानें ब्रेकचाही प्रश्न सोडविण्यास हात घातला. पूर्वीं एंजिनाची शिटी झाली कीं ब्रेकवाले धांवत्या गाडीच्या टपांवरून एका डब्यावरून दुसऱ्यावर उड्या मारीत जात आणि प्रत्येक डब्याचें चाक हातानें फिरवून ब्रेक आवळीत. टपावर बर्फ साचलेला असला म्हणजे हें काम कसें होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें १८६९ सालीं दाबलेल्या हवेनें चालणारा ब्रेक पुढें आणला होता. परंतु लांब मालगाडींत पुढील डबे आधीं अडत आणि मागील डबे त्यांवर आदळत. १८८६ व १८८७ सालीं आयोवांतील बर्लिंग्टन येथें मोठ्या चांचण्या झाल्या, आणि त्यांनंतर त्यानें ही उणीव दूर केली. हवेची नळी एंजिनापासून निघून ओळीनें पुढें जावयाची असल्यामुळें येथेंही तेंच झालें. मधल्या एका डब्यानें हट्ट धरला, तर मागील सगळी गाडी ब्रेकाविना राहावयाची.

सक्तीची एकरूपता येवढ्यापुरती. वरचा डबा ज्या त्या कंपनीचा, आणि ज्या त्या मालाचा राहिला. गुरांच्या डब्याच्या भिंती हवा खेळावी म्हणून पट्ट्यापट्ट्यांच्या करीत. जनावरांना २८ तासांहून अधिक वेळ डब्यांत कोंडून ठेवूं नये, उतरवून चारापाणी व विश्रांति द्यावी, असा कायदा १८७३ सालीं झाला होता व १९०६ सालीं तो नव्यानें करण्यांत आला. दगडी कोळशाच्या डब्याचा तळ नरसाळ्यासारखा उतरता असे. खालचीं दारें उघडलीं कीं फावडें न लावतां कोळसा आपल्या भारानें खालीं पडे. दक्षिणेकडील कांहीं कंपन्या फळफळावळीसाठीं जाळीच्या जादा दारांचे हवेशीर डबे बाळगीत. कॅलिफोर्नियाचीं फळें पूर्वेस नेणाऱ्या शीत-डब्यांच्या दोन्ही टोंकांस बर्फाच्या कोठ्या असत, आणि वाटेंत ठराविक स्थानकांवर टपावरील झडपांतून त्यांत बर्फ भरीत. यूनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक या कंपन्यांनीं १९०६ सालीं पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेस ही स्वतंत्र कंपनीच या कामासाठीं काढली. पुढील वर्षीं तिनें ६,६०० शीत-डब्यांनिशीं काम सुरू केलें.

या सर्वांत संख्येनें आणि उपयोगानें मोठा तो साधा बंद डबा. धान्य, कापूस, पिठाचीं पोतीं, यंत्रें, जोडे, सर्व कांहीं त्यांत जाई. सुटा गहूं भरावयाचा झाला म्हणजे दाराच्या आंतून फळ्या ठोकीत व वरपर्यंत दाणा ओतीत. १९०१ सालीं अमेरिकन रेल्वे असोसिएशननें त्याचें आंतील माप ३६ फूट लांब, साडेआठ फूट रुंद व ८ फूट उंच असें ठरविलें. मापावर एकमत झालें, पण बांधणीवर झालें नाहीं. कारण बांधणीचा प्रश्न लाकूड कीं पोलाद या झगड्यांत सांपडला होता.

जुना डबा संपूर्ण लाकडी असे. त्याच्या तळाच्या तुळया मधोमध वांकूं नयेत म्हणून खालून लोखंडी सळया या टोंकापासून त्या टोंकापर्यंत ताणून बसवीत आणि मळसूत्री कड्यांनीं त्या आवळीत. हलका माल व आंखूड गाड्या होत्या तोंपर्यंत हें ठीक चाललें. परंतु एंजिनें अधिकाधिक बलवान झालीं, गाड्या लांबल्या, नव्या जोडणीमुळें व हवेच्या ब्रेकांमुळें डब्यांवर बसणारे हिसके व धक्के वाढले. १८९७ सालीं पिट्सबर्ग येथील चार्ल्स शोएन याच्या कारखान्यानें पिट्सबर्ग, बेसेमर अँड लेक ईरी रेल्वेसाठीं खनिज वाहून नेणारे ६०० पोलादी डबे बांधण्याचें काम घेतलें. त्यांत १,००,००० रत्तल माल मावे. अशा पोलादी डब्यांच्या मध्यें सांपडलेल्या लाकडी डब्याची गत जात्यांतील दाण्यासारखी होई. म्हणून दुबळे डबे शक्य तों गाडीच्या शेंपटाकडे जोडीत. एका कंपनीनें आपला डबा बळकट केला म्हणजे शेजारणीचा डबा आपोआप दुबळा ठरे.

तेव्हां बहुतेक कंपन्यांनीं प्रथम तळाचा कणा पोलादाचा केला. पुष्कळ ठिकाणीं तो मध्यें खोल, माशाच्या पोटासारखा असे. भिंतींविषयीं मात्र मतें फुटलीं. दुहेरी भिंतीच्या डब्यांत लाकडी चौकटीच्या आंतून व बाहेरून फळ्या जडलेल्या असत. हा डबा दिसावयास नेटका, पण दोन थरांच्या पोकळींत दाणा व ओल शिरून लाकूड कुजे. एकेरी भिंतीच्या डब्यांत चौकट पोलादी व बाहेर असे, आणि फळ्या तिच्या आंतल्या अंगास असत. वजन कमी, बळ अधिक. परंतु फळ्या वाळून आंखडल्या कीं फटींतून पाणी आंत आणि दाणा बाहेर. फाउलर याच्या पेटंटाप्रमाणें बांधलेल्या एकेरी डब्यांत आंखडलेल्या फळ्या पुन्हां एकमेकींशीं दाबून बसविण्याची सोय होती, आणि कॅनडांतील गव्हाच्या वाहतुकीसाठीं कॅनेडियन पॅसिफिकनें असे डबे मोठ्या प्रमाणावर घेतले. पोलादाच्या मुलुखांतील पेन्सिल्व्हानिया कंपनीनें १९१२ सालीं पोलादी चौकटीचा डबा काढला व १९१५ च्या सुमारास संपूर्ण पोलादी डबा बांधला. वायव्येकडील अरण्यांतून जाणाऱ्या ग्रेट नॉर्दर्नसारख्या कंपन्यांचा ओढा मात्र पुढेंही दीर्घकाळ लाकडाकडे राहिला. ज्याच्या अंगणांत जें पिकतें तें त्याच्या डब्याला लागतें, हा यांतील साधा व्यवहार होता, आणि त्यानें कोणाचें नुकसान होत नव्हतें.

नुकसान जेथें होत होतें तेथें कायदा पुन्हां आला. डब्यावर चढण्याच्या शिड्या, पायऱ्या व मुठी प्रत्येक कंपनी आपल्या सोईनें बसवी. चालत्या डब्यावर अंधारांत चढणारा माणूस हात घाली आणि मूठ तेथें नसे. १९१० च्या कायद्यानुसार आयोगानें १३ मार्च १९११ रोजीं जो आदेश काढला, त्यांत या बारीकसारीक वस्तूंचीं मापें आहेत. मूठ निदान पांच अष्टमांश इंच जाड व १६ इंच लांब असावी. तिच्या व भिंतीच्या मध्यें निदान २ इंच अंतर असावें. खालची पायरी रुळांपासून २४ इंचांहून उंच नसावी. टपावरील चालण्याची फळी १८ इंचांहून अरुंद नसावी. २ इंच अंतर कशासाठीं? हातमोजा घातलेली मूठ त्यांत शिरावी म्हणून.

यानंतर महायुद्ध आलें. १९१७ च्या अखेरीस पूर्वेकडील बंदरांवर मालाचे डोंगर सांचले. जेथें डबे हवे तेथें ते नव्हते, आणि जेथें होते तेथून हलत नव्हते. २८ डिसेंबर १९१७ रोजीं सरकारनें रेल्वे आपल्या ताब्यांत घेतल्या आणि पुढील वर्षीं मोजक्याच प्रमाणित नमुन्यांचे सुमारे १,००,००० डबे मागविले. ज्यांना एकच डबा ठरविण्याचा पूर्ण अधिकार होता, त्यांनींही बंद डबे दोन तऱ्हांचे मागविले. ४० टनी दुहेरी भिंतीचे सुमारें २५,००० आणि ५० टनी एकेरी भिंतीचे तितकेच. भिंतीचा वाद सरकारी शिक्क्यानेंही मिटला नाहीं. कांहीं कंपन्यांनीं आपल्या वांट्यास आलेल्या डब्यांविषयीं कुरकुर केली. पण १ मार्च १९२० रोजीं रेल्वे पुन्हां खाजगी मालकीकडे गेल्यावर याच नमुन्यांच्या नकला, विशेषतः कोळशाच्या ५५ टनी डब्याच्या, अनेक कंपन्यांनीं आपण होऊन केल्या. पुढें १९२४ सालीं पेन्सिल्व्हानियानें आपला नवा पोलादी डबा हजारोंनीं बांधण्यास आरंभ केला, १९३२ सालीं कंपन्यांच्या संघानें पोलादी बंद डब्याचा नमुना मान्य केला व १९३७ सालीं त्याहून उंच असा दुसरा. लाकडाचा पक्ष हळूहळू हरला. तो हुकमानें नव्हे, अनुभवानें.

हा सगळा इतिहास पाहिला म्हणजे दोन प्रकारचे फरक स्पष्ट वेगळे दिसूं लागतात. भिंतीचा फरक, लाकडाचा फरक, रंगाचा आणि नांवाचा फरक हे मालकाच्या आवडीचे व ऐपतीचे. त्यांतूनच एकानें केलेला प्रयोग दुसऱ्यास शिकवून गेला. जोडणीचा, ब्रेकाचा आणि मुठीचा फरक मात्र मालकाचा नव्हताच. तो त्या अनोळखी माणसाचा होता, जो परक्या यार्डांत, परक्या डब्याशेजारीं, हातांत कंदील घेऊन उभा असे. त्याला त्या डब्याची कंपनी ठाऊक नसे, तो कोणी बांधला हें ठाऊक नसे. १९११ नंतर नियमाप्रमाणें बांधलेल्या डब्यावर त्यानें अंधारांत वर हात टाकला, तर मूठ त्याच जागीं असे. आणि त्याच्या घरच्या माणसांना भिंत एकेरी आहे कीं दुहेरी, हें विचारण्याचें कधीं कारण पडलें नाहीं.